हळदीची गोळी का निघत नाही?

"मॅडम, हळदीनं कॅन्सर बरा होतो म्हणतात, मग कंपन्या गोळी का काढत नाहीत?" सांगलीत राहायचं आणि फार्मसी कॉलेजात शिकवायचं म्हटलं की हा प्रश्न चुकत नाही. विचारणारा मार्केट यार्डातला असला तर उत्तरही तोच देऊन मोकळा होतो: "पेटंट मिळत नाही ना ओ, म्हणून दाबून ठेवलंय सगळं."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी पेटंटचं उरकते. जखम भरायला हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ साली खरोखरच पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, जुने दाखले पुढे करून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण तिचा अर्थ हळदीतून कुणाला पैसाच मिळवता येत नाही असा नाही. कर्क्युमिन या हळदीतल्या रेणूत फेरफार करून केलेल्या नव्या रेणूवर, ते अंगात मुरवायच्या नव्या पद्धतीवर पेटंट घेता येतं. लोकांनी तशी भरपूर घेतलीही आहेत. घोडं अडलंय ते टार्गेटपाशी.

बहुतेक औषधं शरीरातल्या एखाद्या ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटतात आणि त्याचं काम थांबवतात किंवा बदलतात. त्या प्रथिनाला आम्ही टार्गेट म्हणतो. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, सीएमएलमध्ये, ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलले जातात. त्या चुकीच्या सांध्यातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं आणि पेशीला थांबू म्हणून देत नाही. निरोगी पेशीत हे प्रथिन नसतंच. इमॅटिनिबची गोळी नेमकी त्याच्या खाचेत बसते. या अदलाबदलीतून आखूड झालेलं २२ नंबरचं गुणसूत्र १९६० मध्ये दिसलं, अदलाबदलीचा उलगडा १९७३ मध्ये झाला आणि गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली २००१ मध्ये. टार्गेट इतकं चोख असूनही चाळीस वर्षं गेली.

आता तुम्ही म्हणाल, हे कारखान्यातलं झालं, झाडपाल्याचं काय? तर दारातली सदाफुली बघा. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घ्यायची पद्धत अनेक देशांत होती. कॅनडात १९५०च्या दशकात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो उंदरांवर तपासला. साखर काही हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. त्या धाग्यावरून कॅन्सरवरचं व्हिनब्लास्टीन मिळालं, पाठोपाठ व्हिंक्रिस्टीन. लहान मुलांच्या ल्युकेमियात व्हिंक्रिस्टीन आजही वापरतात. त्याचं टार्गेट ट्युब्युलिन: पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून घेणारे धागे ज्या प्रथिनाचे बनतात ते. धागा तयार झाला नाही की पेशीचं विभाजन अडतं. पण ट्युब्युलिन कॅन्सरच्या पेशीतच असतं असं नाही, मज्जातंतूंतही असतं. म्हणून या औषधावरच्या पेशंटच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. (कुणी सदाफुलीची पानं चावून खात असेल तर कृपा करून आजच थांबवा. ती विषारी आहेत.) म्हणजे झाडातून औषध निघतं, कंपन्या ते विकतातही. वनस्पतीशी कुणाचं वैर नाही.

मग कर्क्युमिनचं काय बिनसलं? यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघतात, तो पिवळा रंग म्हणजेच ते. प्रयोगशाळेत त्याला कुठल्याही प्रथिनापुढे ठेवा, काहीतरी होतंच. सौद्यात प्रत्येक ढिगावर बोली लावणारा आणि एकही न उचलणारा माणूस असतो ना, तसला हा रेणू. त्यात प्रथिन बंद पडलं की नाही हे आम्ही बऱ्याचदा प्रकाशावरून मोजतो आणि हा गडी अतिनील दिव्याखाली स्वतःच हिरवट-पिवळा चमकतो. धातूंना धरतो, गोळा होऊन प्रथिनांना लपेटतो. आकडा छान येतो, पण तो खऱ्या चिकटण्याचा असेलच असं नाही. वर हा टिकत नाही: शरीराच्या तापमानाला, रक्ताइतक्याच सामूच्या साध्या द्रावणात ठेवला तर अर्ध्या तासात बहुतेक सगळा मोडून जातो. पोटातून घ्यावा तर काही ग्रॅम गिळूनही रक्तात नावापुरता सापडतो.

२०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात याचा सविस्तर आढावा छापून आला. तोवर माणसांवर शंभराहून जास्त चाचण्या झाल्या होत्या. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही गोळी कसली ते माहीत नसलेली, खोट्या गोळीशी तुलना केलेली एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असं लेखकांनी लिहिलं. त्यावर टीकाही झाली, आणि गुडघेदुखीत थोडा आराम दाखवणारे छोटे अभ्यास आहेत, तेवढं मी मानते. कॅन्सरची गोष्ट त्यातून सिद्ध होत नाही. पेपरात जे येतं ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचं असतं, आणि बशीत तर मीठसुद्धा कॅन्सरच्या पेशी मारतं.

"मिरी घातली की लागतं म्हणे," हा यापुढचा ठरलेला प्रश्न. ते खरं आहे. २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरिन (मिरीला तिखटपणा देणारा रेणू) दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढलं, असं बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. पण पिपरिन ते कसं घडवतं? यकृतात आणि आतड्यात बाहेरचे रेणू मोडून काढणारी प्रथिनं असतात, त्यांना ते अडवतं. ती प्रथिनं तुमची इतर औषधंही मोडत असतात. ती अडली की त्या औषधांची रक्तातली पातळी डॉक्टरांनी ठरवल्यापेक्षा वर जाऊ शकते. हळद-पिपरिनच्या कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

भाजीतल्या, दुधातल्या हळदीबद्दल मी बोलत नाहीये, ती खुशाल खा. कॅप्सूलची बाटली घरात असेल तर मागच्या बाजूला पिपरिन किंवा काळी मिरी लिहिलंय का ते बघा. आणि केमो, रक्त पातळ करायची गोळी किंवा फिटची गोळी चालू असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती बाटलीच पिशवीत टाका. "साधी हळदच आहे" म्हणून सांगायचं राहून जातं.