सात फूट सव्वानऊ इंच

डार्ट बोर्ड घरी आणला तेव्हा वाटलं होतं, एक खिळा ठोकला की झालं. पण आमचं नाशिकच्या इंदिरानगरमधलं घर दोन बेडरूमचं. त्यात आठ फूट सरळ, मोकळी जागा शोधायला निघालो आणि कळलं की घरात मोकळी अशी जागाच नाही, फक्त चालायला सोडलेल्या वाटा आहेत. हॉलमध्ये सोफा, बेडरूममध्ये कपाट. उरला पॅसेज. टोकाला भिंत, भिंतीवर कॅलेंडर आणि मध्येच उजव्या हाताला बाथरूमचं दार. कॅलेंडर हलवायला आईनं दोन दिवस घेतले. दुधाचे खाडे त्यावरच लिहिलेले असतात.

खिळ्याचं काम नानांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्या हातून काढून घेतलं. सातपूरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. मी मापं वाचून दाखवली: बोर्डाचा मध्य जमिनीपासून 5 फूट 8 इंच, फेकायची रेघ 7 फूट सव्वानऊ इंचांवर.

"कशापासून?"

"भिंतीपासून."

"मग बोर्डाची जाडी कुठं गेली?"

पुन्हा वाचलं. अंतर बोर्डाच्या तोंडापासून मोजायचं होतं. म्हणजे माझी रेघ चांगली दीड इंच पुढे पडली असती. मग माळ्यावरून ओळंबा निघाला. बोर्डाच्या तोंडाशी दोरी धरून मी स्टुलावर उभा आणि नाना खाली उकिडवे. लोलक डुलत होता, तो थांबेपर्यंत पॅसेजमधून कुणी जायचं नाही. थांबला तिथे फरशीवर पेन्सिलीची फुली, फुलीपासून टेप, टेपच्या टोकाला खडूची रेघ. एवढ्यावर भागेल तर नाना कसले! बोर्डाच्या मध्यापासून रेघेपर्यंतचा तिरका कर्णही मोजला. तो 2.93 मीटर यायला हवा, तेवढाच आला. "ठीक आहे," म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मी दहावीलाही ऐकलेलं नाही.

बोर्ड टांगताना त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, नाक जवळ नेलं.

"हा वाख आहे रे!"

चांगले बोर्ड सिसलचे असतात एवढं मला माहीत होतं. सिसल म्हणजे आपला घायपात, हे नानांच्या अंगठ्याला माहीत होतं. सिन्नरकडच्या त्यांच्या गावी बांधाबांधावर घायपात. पानं कुजवून, झोडपून वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे. बोर्डात हाच वाख उभा, दाबून दाबून भरलेला असतो. आपल्याला दिसतात ती धाग्यांची टोकं. डार्ट धागा तोडत नाही, दोन धाग्यांमध्ये शिरतो. काढला की धागे पुन्हा मिटतात. नानांनी एक डार्ट हातानंच खुपसला, उपसला आणि भोक शोधत बसले. सापडलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी तेवढंच केलं, खेळले नाहीत.

भोकं पडली ती भिंतीला. तिसऱ्या दिवशी बोर्डामागे जुनी योगा मॅट आली, खाली सतरंजी, कारण लोखंडी टोक फरशीवर पडलं की टवका उडतो. एक उडालाच. त्यावर आता पायपुसणं असतं.

नेम धरायचा तर सगळे वीसवर धरतात. मीही धरायचो. वीसच्या तिप्पट पट्टीत तिन्ही डार्ट बसले तर 180, याहून जास्त एका फेरीत होतच नाहीत. माझे व्हायचे सात, सत्तावीस, असे. कारण वीसच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला पाच. बोर्डावरची आकड्यांची मांडणीच अशी आहे, मोठ्याच्या बगलेत क्षुल्लक. आई भाजी निवडता निवडता हे चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी हात पुसून उठली आणि डावीकडे फेकू लागली.

"तिकडं काय आहे?"

"चौदा, अकरा, आठ, सोळा. चुकला तरी शेजारी बरा लागतो."

रविवार कारंजावर भाव पाडायला शिकलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागलं नाही. 501 वरून पडलेले गुण वजा करत शून्यापर्यंत उतरत जायचं, त्या खेळात ती मला दर दोन दिवसांनी हरवते.

बाथरूमच्या दाराचा नियम आपोआपच पडला. आतून कडी वाजली की हात खाली. अजून कुणाला लागलेलं नाही, पण पाहुणे आले की आधी दार दाखवतो, मग बोर्ड.

काल आईचे दोन उरले होते. शेवट डबलनंच, म्हणजे कडेच्या दुप्पट गुणांच्या पट्टीतच, करावा लागतो, म्हणजे एकाच्या डबलशिवाय गत्यंतर नाही. तो वर, वीसच्या शेजारी, जिकडे तिनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. अंगठा खडूच्या रेघेला लावून तिनं डार्ट उचलला, एक डोळा मिटला.

कडी वाजली.

"अहो, दोन मिनिटं आतच थांबा!"