निव्वळ देय शून्य

अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी गेली अकरा वर्षे हिशेबाचे काम करते. विद्यापीठाचे नाव आणि त्याच्या पुस्तकांतील आकडे मी येथे देणार नाही, कारण आकडे दिले तर नाव शोधून काढायला कोणालाही पाच मिनिटे पुरतील. आमच्या विद्यापीठाने ज्या वर्षी कॉन्फरन्स बदलली, त्या आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, म्हणजे ३० जून, माझ्या चांगला लक्षात राहिला आहे.

कॉन्फरन्स म्हणजे काय, हे गावाकडच्या लोकांना समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे विभाग भूगोलाने ठरतात. शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात खेळते, आणि कोल्हापूर जागचे हलत नाही तोवर विभागही हलणार नाही. इकडे कॉन्फरन्स हा सभासद विद्यापीठांचा संघ असतो. ही विद्यापीठे एकमेकांशी सामने खेळतात, त्या सामन्यांचे, मुख्यतः अमेरिकन फुटबॉलचे, प्रसारणहक्क एकत्रितपणे टीव्ही कंपन्यांना विकतात आणि आलेला पैसा आपसांत वाटून घेतात. बिग टेन नावाच्या कॉन्फरन्सने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा जो करार केला, त्याची किंमत ७०० कोटी डॉलरांहून अधिक असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. ज्या संघाचा वाटा मोठा, त्या संघात जाण्याची धडपड त्यामुळे सगळेच करतात, आणि नकाशा गुंडाळून ठेवला जातो. लॉस एंजेलिसचे यूसीएलए आणि न्यू जर्सीचे रटगर्स २०२४ पासून एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत, तर शंभर वर्षांहून जुन्या पॅक-१२ मधून बारांपैकी दहा सभासद त्याच उन्हाळ्यात उठून गेले आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागे राहिली.

आमचे प्रकरण इतके गाजलेले नव्हते. एका मधल्या फळीतील कॉन्फरन्समधून तिच्याहून एक पायरी वरच्या कॉन्फरन्समध्ये आम्ही चाललो होतो. ऑगस्टमध्ये जुन्या संघाला नोटीस दिली होती, ३० जूनला सभासदत्व संपणार होते आणि १ जुलैला नवे सुरू होणार होते. दुपारी अध्यक्षांची पत्रकार परिषद ठरली होती. मी सकाळी आठला व्यायामशाळेच्या बाजूने आत शिरले, तेव्हा व्हॉलीबॉलच्या मैदानावरील जुन्या कॉन्फरन्सचे चिन्ह यंत्राने घासून काढण्याचे काम चालू होते. लाकडाचा बारीक भुसा दारापर्यंत उडाला होता, आणि ज्या जागी चिन्ह होते तेथील लाकूड इतक्या वर्षांच्या झाकणामुळे भोवतालच्या फरशीपेक्षा फिकट, जवळजवळ नवे दिसत होते.

साडेनऊला जुन्या कॉन्फरन्सकडून वर्षअखेरचे वाटपपत्रक ई-मेलने आले. दरवर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात हे पत्रक येते आणि मागोमाग बँकेत रक्कम जमा होते. वर्षातील आमची ती सर्वांत मोठी जमा असते. या वेळी पत्रक एका ओळीचे होते. विद्यापीठास देय रक्कम शून्य, आणि खाली बारीक अक्षरांत खुलासा, की या वर्षीचे संपूर्ण वाटप एक्झिट फीपोटी रोखून धरण्यात आले आहे.

एक्झिट फी म्हणजे संघ सोडण्याची किंमत. संघाच्या नियमावलीत ती आधीच लिहिलेली असते, आणि कोणी जाऊ नये म्हणूनच ती जबर ठेवलेली असते. तरी लोक जातातच. मेरिलँड विद्यापीठ १९५३ पासून एसीसी या कॉन्फरन्सचे संस्थापक सभासद होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याने बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले, तेव्हा एसीसीने ५ कोटी २० लाख डॉलरांहून अधिक रक्कम मागितली. दोन्ही बाजू कोर्टात गेल्या आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे ३ कोटी १४ लाखांवर तडजोड झाली. ही रक्कम मेरिलँडने चेक फाडून दिली नाही. एसीसीने त्याच्या वाट्याचे जे पैसे दरम्यानच्या काळात अडकवून ठेवले होते, तेच तिने ठेवून घेतले. टेक्सास आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांनी बिग १२ या कॉन्फरन्समधून एक वर्ष आधी सुटका करून घेतली, तेव्हा दोघांचे मिळून ठरलेले १० कोटी डॉलरही असेच न मिळालेल्या वाटपाच्या रूपात मोजले गेले.

येथेच हिशेबाची गोम आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने पत्रक पाहिले आणि सहज म्हणाला, "शून्य आले आहे ना? मग नोंद कसली करायची?" तो कामाचा माणूस आहे आणि त्या दिवशी त्याच्यासमोर बंद करायची चाळीसेक खाती होती, त्यामुळे त्याला दोष देता येणार नाही. बँकेत काही आले नाही, बँकेतून काही गेले नाही, मग खतावणीत काय लिहायचे, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो.

मला मात्र वडिलांच्या ऊसबिलाची पावती आठवली. सांगली जिल्ह्यात आमचा थोडा ऊस असे. कारखाना बिल काढताना सोसायटीचे पीककर्ज, तोडणीची उचल, असे एकेक करून वळते करून घेई. एका वाईट वर्षी पावतीच्या तळाला ‘निव्वळ देय’ या शब्दांपुढे दोन शून्ये होती. वडिलांनी ती पावती फाडली नाही, घडी घालून कपाटात ठेवली, कारण किती टन ऊस गेला, काय दराने गेला आणि कोणी किती कापून घेतले, हे वरच्या ओळींत लिहिलेले होते. कारखान्याने फक्त तळाचे शून्य कळवले असते, तर आमचा ऊस गेला की जळाला हेही सांगता आले नसते.

कॉन्फरन्सच्या पत्रकात वरच्या ओळी नव्हत्या. आमच्या वाट्याचे मूळ वाटप किती झाले असते आणि त्यातून एक्झिट फीपोटी नेमके किती वळते झाले, हे दोन आकडे मला हवे होते. पहिला जमेच्या बाजूला कॉन्फरन्स वाटप म्हणून लागणार होता, दुसरा खर्चाच्या बाजूला. दोन्ही मांडून शून्य येणे आणि काहीच न मांडता शून्य असणे, यांत ऑडिटरच्या लेखी जमीन-अस्मानाचे अंतर आहे. क्रीडा विभागाचा सविस्तर जमाखर्च दरवर्षी जानेवारीत एनसीएएकडे, म्हणजे महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय नियामक संस्थेकडे, जातो, आणि सरकारी विद्यापीठ असल्यामुळे तो माहितीच्या कायद्याखाली कोणालाही मागता येतो. त्यात एक्झिट फीची ओळच नसेल, तर विद्यापीठ फुकट बाहेर पडले असा त्याचा अर्थ होतो.

तो अर्थ काढायला कोणी जानेवारीपर्यंत थांबणार नव्हते. अकरा वाजता जनसंपर्क कार्यालयाने पत्रकार परिषदेच्या निवेदनाचा मसुदा ‘आकडे तपासून द्या’ म्हणून माझ्याकडे पाठवला. त्यात तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते, की हे स्थलांतर विद्यापीठाच्या तिजोरीतून एक डॉलरही खर्च न करता पूर्ण झाले आहे. तपासण्यासारखा आकडा मसुद्यात तेवढा एकच होता.

मी जुन्या कॉन्फरन्सच्या कार्यालयात फोन लावला. तेथील हिशेबनीस बाईंशी माझी अनेक वर्षांची फोनवरची ओळख आहे. त्यांनी पूर्ण विवरण अर्ध्या तासात पाठवले, आणि त्यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. रोखलेले वाटप एक्झिट फीला पुरलेच नव्हते. उरलेली रक्कम पुढील काही वर्षांत हप्त्यांनी द्यायची होती. ही तरतूद करारात होती आणि करार माझ्या फाइलमध्येही होता, पण वर्षभर सगळ्यांच्या तोंडी ‘वाटपातून भागेल’ हेच वाक्य असल्यामुळे मीही ते ऐकून ऐकून खरे मानले होते. हा माझा गाफीलपणा मी लपवत नाही. नोटीस दिली तेव्हाच देणे लागू झाले होते, त्यामुळे हप्ते पुढे असले तरी संपूर्ण खर्च याच वर्षाच्या पुस्तकात यायला हवा होता.

दरम्यान वाटप न आल्यामुळे पडलेला खड्डा कोणी भरला होता? विद्यापीठाच्या मध्यवर्ती निधीतून आम्हाला मार्चमध्ये ‘संक्रमण साहाय्य’ अशा सोज्ज्वळ नावाची एक उचल मिळाली होती, जी नव्या कॉन्फरन्सच्या उत्पन्नातून फेडायची होती. तेथेही पाणी मुरत होते. नव्या संघात येणाऱ्याला पूर्ण वाटा पहिल्या दिवसापासून क्वचितच मिळतो. ओरेगन आणि वॉशिंग्टन (मागे राहिलेल्या दोन ‘स्टेट’ विद्यापीठांहून ही वेगळी) यांनी बिग टेनमध्ये सुमारे अर्ध्या वाट्यावर प्रवेश घेतला. बर्कली आणि स्टॅनफर्ड यांनी एसीसीमध्ये सुरुवातीची वर्षे साधारण तीस टक्के वाटा मान्य केला, आणि डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षे प्रसारणाच्या उत्पन्नातील हिश्शावर पाणी सोडले. एसएमयूच्या देणगीदारांनी प्रवेश जाहीर झाल्यावर आठवड्याभरात १० कोटी डॉलर उभे केले. आमच्याकडे तसे देणगीदार नाहीत. आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याच्या सत्राच्या बिलात ‘क्रीडा शुल्क’ नावाची एक ओळ आहे, आणि ती भरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्टेडियमची पायरीसुद्धा चढलेली नसते.

दुपारी साडेबाराला मी पत्रक, विवरण आणि मसुदा हे तीन कागद घेऊन क्रीडा संचालकांकडे गेले. ते माजी खेळाडू आहेत, मोठ्या आवाजात बोलतात, आणि हिशेबाची बैठक पाच मिनिटांत संपावी अशी त्यांची नेहमी इच्छा असते. त्यांनी विवरण दोनदा वाचले आणि विचारले, "पण पैसे आपण दिले नाहीत, बरोबर?"

"आपल्याला मिळायचे होते ते मिळाले नाहीत, आणि त्यांच्या जागी विद्यापीठाचे वापरले," मी म्हणाले.

"दोन्ही बाजू वजा केल्या तर शून्यच येते ना?"

"यंदाच्या वाटपापुरते येते. हप्ते धरले तर तेही येत नाही."

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ होते, आणि ते खोटे नव्हते. जुन्या संघात राहिलो असतो तर पुढील प्रसारण करारात आमचा वाटा आक्रसत गेला असता, चांगले प्रशिक्षक आणि खेळाडू निघून गेले असते. मागे राहण्याची किंमत काय असते, हे पॅक-१२ मधील त्या दोन विद्यापीठांनी दाखवून दिलेच होते. निर्णय चुकला असे माझे म्हणणे तेव्हा नव्हते आणि आजही नाही. निर्णयाची किंमत कागदावर दिसावी एवढेच म्हणणे होते. कॅलिफोर्नियात यूसीएलएच्या जाण्याने बर्कलीचे नुकसान होते म्हणून दोघांच्या सामायिक नियामक मंडळाने यूसीएलएला दरवर्षी १ कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले. तो निर्णय कोणाला पटो वा न पटो, रक्कम किती आणि कोणी कोणाला द्यायची हे तेथे उघडपणे लिहिले गेले.

संचालकांनी अखेर मसुद्यातील ते वाक्य स्वतःच्या पेनने खोडले. त्याच्या जागी दुसरे काही लिहिले नाही. दोन वाजता पत्रकार परिषद झाली, नव्या चिन्हाच्या टोप्या वाटल्या गेल्या, आणि पैशांविषयी एकाने विचारलेल्या प्रश्नाला ‘तपशील वार्षिक अहवालात येतील’ असे उत्तर मिळाले. आता तो तपशील अहवालात येणे माझ्यावर होते.

त्या गडबडीत व्हॉलीबॉलच्या प्रशिक्षक बाई माझ्याकडे तिसऱ्यांदा येऊन गेल्या. नव्या कॉन्फरन्सचे वेळापत्रक त्यांच्या हातात होते. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो आणि भाड्याच्या खास विमानाने जातो. व्हॉलीबॉलच्या मुली एका आठवड्यात दोन सामने खेळतात, साध्या प्रवासी विमानाने, बहुधा एक विमान बदलून. पूर्वी बहुतेक सामन्यांना त्या बसने जात आणि रात्री परत येत. आता ऑक्टोबरमध्ये एक दौरा दोन तासांच्या वेळफरकापलीकडे होता, शेवटचा सामना रविवारी दुपारी, आणि सोमवारी सकाळी संघातील चार मुलींची रसायनशास्त्राची परीक्षा. बाईंना हॉटेलची एक रात्र वाढवून हवी होती, म्हणजे मुली तेथेच प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली परीक्षा देऊन निघतील. अठरा माणसे, नऊ खोल्या, एक जास्तीचे जेवण आणि तिकिटे बदलण्याचा आकार, अशी यादी त्यांनी पेन्सिलीने वेळापत्रकाच्या पाठीवर मांडली होती. एक्झिट फीसमोर ही रक्कम नगण्य होती. पण ‘प्रवास, इतर खेळ’ या खात्यातील पुढील वर्षाची तरतूद जुन्या नकाशावरच बेतलेली होती, आणि ती तशी मंजूर करणाऱ्यांत मीही होते. मी त्यांना "आज नाही, उद्या सांगते" एवढेच म्हणाले.

नोंदी करायला संध्याकाळचे साडेसात झाले. जमेला मूळ वाटप, खर्चाला पूर्ण एक्झिट फी, देण्यांत पुढील हप्ते, आणि मध्यवर्ती निधीची उचल साहाय्य म्हणून नव्हे तर परत करायची रक्कम म्हणून. कंट्रोलरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य हिशेब अधिकाऱ्याच्या, कार्यालयाने फोनवरून दोन प्रश्न विचारले आणि मंजुरी दिली. वर्षाचा ताळेबंद तोट्यात गेला. सहकाऱ्याने आपली चाळीस खाती बंद केली होती. जाता जाता तो माझ्या पडद्याकडे पाहून म्हणाला, "केवढी लांब एन्ट्री झाली ही."

परतताना व्यायामशाळेचे दार उघडेच होते. नवे चिन्ह रंगवून झाले होते, त्यावर लाखेचा पहिला हात दिलेला होता आणि पंखे लावून ठेवले होते. दारावर ‘४८ तास पाऊल ठेवू नये’ असा कागद चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, सकाळी पहिला ई-मेल व्हॉलीबॉलच्या बाईंचाच होता. मी प्रवासखात्यातील ऑक्टोबरच्या ओळीत एक रात्र वाढवली, बैठकीसाठीच्या खानपानाच्या खात्यातून तेवढी रक्कम वळती केली, आणि त्यांना कळवले की सोमवारचा पेपर मुलींनी तेथेच द्यावा.