मे महिन्यातला 90

साक्री तालुक्यातल्या पठारावरच्या एका पवनचक्कीची तक्रार आली होती. ब्रेकचा हायड्रॉलिक पंप सारखा चालू-बंद होतोय. साइट इंजिनिअरांनी नवा पंप मागवायची तयारीही केली होती. मी म्हटलं, साहेब, थांबा, आधी अ‍ॅक्युम्युलेटर बघू. ही तेलाचा दाब साठवून ठेवणारी टाकी. त्यात ब्लॅडर म्हणजे रबरी पिशवी असते, ब्लॅडरमध्ये नायट्रोजन. पंप तेल भरतो, नायट्रोजन दाबला जातो आणि पंप बंद झाल्यावरही दाब धरून ठेवतो. ग्रिडची वीज गेली तर ब्रेक या साठ्यावरच लागतो. नायट्रोजन कमी झाला की जरासं तेल झिरपलं तरी दाब धाडकन उतरतो आणि पंप पुन्हा सुरू होतो.

साहेबांनी नायट्रोजनच्या दाबाच्या नोंदींची फाइल पुढे केली. "जानेवारीत 90 बार. गेल्या आठवड्यात 90 बार. अजून काय पाहिजे?"

मला खटकला तो हाच सारखेपणा. जानेवारीत इथे पहाटे स्वेटर घालून शिडी चढावी लागते आणि मे महिन्यात खाली पंचेचाळीस अंश असतात. बंद भांड्यातला वायू तापला की त्याचा दाब वाढणारच. दोन्ही ऋतूंत आकडा एकच कसा?

चढण्याआधी सिलिंडरचा रंग मी स्वतः बघतो. राखाडी अंग आणि काळी मान म्हणजे नायट्रोजन. काळं अंग, पांढरी मान म्हणजे ऑक्सिजन. "वेल्डिंगवाल्याकडचा आणू का, जवळ आहे" असं विचारणारे भेटले आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर स्फोट होतो. साधी हवासुद्धा चालत नाही.

वर नॅसेलमध्ये, म्हणजे पात्यांमागच्या यंत्रांच्या खोलीत, भट्टी होती. हॅच उघडा ठेवला. वाऱ्यासाठी तर हवाच, पण नायट्रोजनला वास नसतो, कोंडलेल्या जागेत साठला तर माणूस न कळता कोसळतो. रोटर लॉक केला, पंपाची वीज तोडली आणि नीडल व्हॉल्व्ह किंचित उघडून तेल टाकीत सोडायला लागलो. मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो. गेजचा काटा सावकाश खाली येतो, येत राहतो आणि एका जागेवरून एकदम शून्यावर पडतो. तो जिथून पडला, तो प्रीचार्ज, म्हणजे तेल नसताना नायट्रोजनचा स्वतःचा दाब. किट लावायच्या आधीच कळतं. काटा 90 च्या आसपास पडला. मग गॅस भरायचं आणि मोजायचं चार्जिंग किट बसवून पाहिलं, 90 च.

सोबतचा गावातला पोरगा म्हणाला, "आकडा ते तोच शे ना भाऊ, मंग?"

मी अ‍ॅक्युम्युलेटरच्या अंगाला थर्मामीटर लावला. 50 अंश. या मशीनला 90 बार लागतो तो 20 अंशांना. हिशोब केल्व्हिनमध्ये करायचा, अंशांत 273 मिळवून, म्हणजे 293 चे 323 झाले, साधारण दहा टक्के वाढ. गॅस पुरा असता तर आज 99 दिसायला हवे होते. आत्ताचे 90 म्हणजे 20 अंशांना जेमतेम 82.

किट काढून गॅस व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडलं. बारीक बुडबुडे. ब्लॅडर शाबूत होता, कारण व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर नुसता गॅस आला, तेलाचा फवारा नाही. उरलेला गॅस सोडून व्हॉल्व्हचा कोअर आणि ओ-रिंग बदलली. नवा गॅस अगदी हळू सोडला. घाईत ब्लॅडर खालच्या पॉपेटमध्ये, म्हणजे तेलाच्या तोंडावरच्या झडपेत, दाबला जाऊन फाटतो. 99 वर आणून चहा घेतला, कारण भरताना वायू गरम होतो आणि लगेच घेतलेला आकडा खोटं बोलतो. चहानंतर 97 होता. थोडा भरला, पुन्हा थांबलो. पंप सुरू केल्यावर त्याने एकदा दाब उचलला आणि गप्प बसला.

खाली येऊन मी शेजारच्या मशीनांच्या फाइली मागितल्या. जानेवारी, मे, ऑगस्ट, सगळीकडे 90, एकाच अक्षरात. तापमानाचा रकाना कुठेच भरलेला नव्हता. आधीच्या ठेकेदाराची माणसं वर चढली तरी होती का, हे मी विचारलं नाही. साहेबांनी काही न बोलता सगळ्या मशीनांची यादी काढली. वाऱ्याचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. पोरगा सिलिंडर पुन्हा गाडीत चढवत होता.