तुमचं मूल असतं तर?

मुंबईत आरे कॉलनीत बिबट्याबद्दल माहिती द्यायला गेलं की शेवटी हा प्रश्न येतोच. बहुतेक वेळा पाड्यातून नाही, नव्या टॉवरमधून. "मॅडम, तुमचं मूल नेलं असतं तर?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: बंदूक मागितली असती. झालं समाधान? म्हणूनच तो निर्णय आईवर सोडलेला नाही. 1972 च्या कायद्याने तो मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आहे, आणि जनावर पकडणं शक्य असेल तर मारायची परवानगी त्यालाही देता येत नाही.

"मग पकडून लांब सोडा." लांब म्हणजे कुठे? नॅशनल पार्क 104 चौरस किलोमीटरचा, भोवती शहर. जुन्नरला 2001 ते 2003 मध्ये बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले. हल्ले वाढले. एकाची हद्द रिकामी झाली की दुसरा येतो, बहुधा तरणा, वाटा माहीत नसलेला. हे सगळं मला झोपेतही सांगता येतं.

त्या घरी मात्र सांगता आलं नाही.

पाड्यातलं शेवटचं घर. पोर जाऊन आठवडाही झाला नव्हता. अंगणापलीकडे वनखात्याचा पिंजरा, मागच्या कप्प्यात बकरी. आम्ही बोलताना ती मधेच ओरडायची आणि सगळे गप्प व्हायचे. "वाघोबाला नारळ दिला होता की," आजी म्हणाली. तक्रार नव्हती, हिशोब लागत नव्हता तिला. अंधारात मुलांना एकटं सोडू नका, असं छापलेली पत्रकं माझ्या पिशवीतच राहिली.

आई आतून आली. "ताई, सापडेल तो तोच असेल का?"

म्हटलं, खात्री नाही. ठिपक्यांवरून बिबट्या ओळखता येतो, पण त्या रात्री इथे कॅमेरा नव्हता.

"दुसरा असला तर सोडून द्या त्याला," ती म्हणाली. "पण पिंजरा नेऊ नका. दिव्यासाठी किती वर्षं अर्ज केले आम्ही. पिंजरा दुसऱ्या दिवशी आला."

यावर माझ्याकडे जुन्नर नव्हतं.

तरुणपणीची मी म्हणेल, वाकलीस. तिचंही खोटं नाही. पिंजऱ्यात कोणीही जातो, गजांवर सुळे तोडून घेतो, आणि लोकांचा राग असेल तर जन्मभर आतच राहतो. तिचं एकच वाक्य मी टाकून दिलंय: "बिबट्या इथे आधीपासून आहे." आधीपासून वारली आदिवासीही आहेत. मी दिंडोशीला सातव्या मजल्यावर राहते.

पिंजरे हटवा म्हणून मध्यंतरी एक पत्र फिरलं. पाड्यात दिवे आणि संडास द्या, एवढी एक ओळ मी त्यात घालायला सांगितली. वेगळा विषय आहे म्हणून ती गाळली. सही मी तरीही केली. त्या घरी पुन्हा जायचं आहे, आणि ती विचारणारच.