पाइप धरणाऱ्यालाही काच द्या

मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात, ताट्या बदलणं, पंप चालतो का पाहणं सुरू होतं. आमच्या कूलरचं स्टँड मागच्या वर्षी खालून पार गंजलेलं निघालं, तर म्हटलं घरी 200 अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पडलंच आहे, इतवारीतल्या लोहा ओळीतून लोखंडी अँगल आणू आणि आपणच बनवू. भाचा सुट्टीवर आला होता, तो अँगल धरायला उभा राहिला आणि मी वेल्डिंगचे टाके मारत गेलो.

माझ्याकडे तेव्हा हातात धरायची पाटी होती, साधी काळी काचवाली. आता एका हातात होल्डर, एका हातात पाटी, आणि काचेतून आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत, लागायच्या आधी काहीच दिसत नाही, मग रॉड कुठे टेकवायचा ते बघायला पाटी जरा बाजूला करायची, टेकवायचा, आणि चमकलं की पाटी समोर घ्यायची. सगळेच असं करतात म्हणून मीही केलं, पंधरा-वीस टाके असेच मारले. भाच्याला काय सांगितलं तर "तू तिकडे तोंड कर". पण मागे कंपाउंडची चुन्याची पांढरी भिंत, ती आर्कचा उजेड परत फेकते हे माझ्या डोक्यातच नाही आलं.

संध्याकाळी दोघंही ठणठणीत, जेवलो, झोपलो. रात्री एकच्या सुमारास तो उठून आला, "मामा, डोळ्यात रेती गेल्यासारखं होऊन राहिलं." तोवर माझेही डोळे चुरचुरायला लागलेच होते. अर्ध्या तासात दोघांनाही लाइट सहन होईना, डोळे उघडवेनात, पाणी थांबेना. माझं जे झालं ते झालं, पण परक्याच्या पोराला आपल्या हातानं हे झालं आणि सकाळी ताईला फोन करायचा आहे, ते फार लागलं मनाला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पिवळा रंग टाकून निळ्या लाइटखाली पाहिलं, बुबुळावरच्या पडद्यावर बारीक बारीक ठिपके होते. आर्कमधून अल्ट्राव्हायोलेट किरणं निघतात, ती वरचा नाजूक थर भाजतात, आणि हे काही तासांनी कळतं म्हणून त्या वेळी माणसाला काही झालंच नाही असं वाटतं. साधारण एक-दोन दिवसांत तो थर परत येतो, आमचाही आला. बटाट्याचा काप, दूध, गुलाबपाणी असं डोळ्यात काही घालू नका म्हणाले, आणि बधिर करणारे थेंब मागून घरी वापरू नका, दुखणं कळत नाही आणि जखम भरायला उशीर लागतो. फार दुखत असेल, दिसायला अंधुक वाटत असेल किंवा ग्राइंडिंगचा कण गेल्याची शंका असेल तर सरळ दवाखान्यात.

त्यानंतर मी काच नीट शिकून घेतली. काचेला शेडचा नंबर असतो आणि एक नंबर वाढला की आत येणारा उजेड अडीच पटीपेक्षा जास्त कमी होतो, दहा नंबरमधून साधारण सात हजारातला एक भाग उजेड येतो. आपण घरी 2.5 एमएमचा रॉड 70 ते 90 अँपिअरवर चालवतो, त्याला दहा किंवा अकरा नंबर बरोबर. गॅस वेल्डिंगचा हिरवा चष्मा चार-पाच नंबरचा असतो, तो आर्कला चालत नाही, आणि गॉगल, एक्सरेची फिल्म असले प्रकार तर अजिबातच नाही, त्यात आजूबाजूनं सगळं आत येतं ते वेगळंच.

पण नंबर बरोबर असून माझा प्रश्न सुटला नसता, कारण मी काच बाजूला करत होतो. म्हणून ऑटो डार्क हेल्मेट घेतलं. आर्क लागायच्या आधी त्यातून दिसतं, लागली की सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात काच काळी होते, आणि दोन्ही हात मोकळे. घेताना काचेवरचा आकडा वाचा, माझ्यावर 4/9-13 आहे, म्हणजे मोकळी असताना चार, काळी झाल्यावर नऊ ते तेरा. पुढे 1/1/1/2 असे चार आकडे, पहिला एक असला की काचेतून सरळ दिसतं, तीन असला की वेडंवाकडं. सेन्सर दोन ऐवजी चार असलेलं बघा, अँगलच्या आड बसून वेल्डिंग मारताना एखादा झाकला गेला तर दुसरा पकडतो. सेल संपला तरी अल्ट्राव्हायोलेट अडवणारा थर काचेत कायम असतो, पण उजेड मात्र डोळ्यावर येतो, म्हणून काम सुरू करायच्या आधी उन्हाकडे धरून काळी होते का ते बघतो, डोक्यावर न घालता, हातात धरून.

चष्मा लागत असेल तर चष्मा घालूनच हेल्मेट घालून बघा. माझा जवळचा नंबर खालच्या भागात आहे, मान वर केल्याशिवाय टाका दिसत नाही, म्हणून आत भिंगाची पट्टी बसवायची सोय असलेलं घेतलं. आतून साधा पांढरा पॉलिकार्बोनेट गॉगल राहू देतो, कारण वरची खपली हातोड्यानं काढताना आणि ग्राइंडर मारताना माणूस हेल्मेट वर करतो आणि तेव्हाच तुकडा उडतो. मे महिन्यात घामानं तो धुरकट होतो हे खरं आहे, पुसायला जवळ जुनं सुती धोतर ठेवलंय. आणि हेल्मेट गाडीत विसरू नका, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात बंद गाडी आतून किती तापते ते इथल्या माणसाला सांगायला नको, ती काच एलसीडीची असते, साधारण पंचावन्नच्या वर तिला चालत नाही.

दुकानात मी दोन मागितले तर काकाजी म्हणाले, "भाऊ, मशीन तं एकच आहे ना तुमच्याकडे?" एक मशीनवाल्यासाठी आणि एक धरणाऱ्यासाठी, म्हटलं. घरच्या कामात धरायला कोणीतरी असतंच, बायको, पोरगा, शेजारचा. दुसरं साधं आहे, अकरा नंबरची फिक्स काच, धरणाऱ्याला तसंही टाका बघायचा नसतो. भिंतीसमोर जुन्या कूलरचा पत्रा काळा रंगवून उभा केला आणि लहान पोरं अंगणात असली की मशीन लावत नाही.

या दिवाळीत भाचा परत येतोय, गच्चीचं रेलिंग करायचं आहे. त्याच्या हेल्मेटचा पट्टा त्याच्या डोक्याच्या मापाचा करून ठेवलाय.