पुसलेला माग

ऑलिव्ह रिडले कासवाचा माग म्हणजे दोन-अडीच फुटांचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यासारख्या पायांचे आलटूनपालटून उमटलेले फटकारे. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी त्यातला हातभर तुकडाच उरला होता. पर्यटकांच्या मोटारी पहाटेच कोरड्या वाळूवर फिरून गेल्या होत्या. त्यामुळे घरटी शोधायच्या पहिल्या गस्तीत काहीच दिसलं नाही, घरटं हाती लागलं साडेनऊला.

मादी केव्हा आली असेल? तिथी चतुर्थी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट ही भरतीची वेळ; चारच्या पाऊणपट तीन, म्हणजे रात्री तीनला पूर्ण भरती. माग भरतीच्या रेषेपाशी तुटला होता, खाली ओल्या वाळूत काहीच नव्हतं. म्हणजे भरती चढण्याआधीच ती अंडी घालून परतली होती. अंडी किमान साडेसहा तासांची. हलवायची तर पहिल्या दोन-तीन तासांत हलवावीत. नंतर गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो, अंडं फिरलं की तो मरतो.

जागेवर ठेवणंही शक्य नव्हतं, कारण पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी तिथं पोचतं.

अंडी नेमकी कुठं आहेत ते वाळूत काठी टोचून शोधतात. काठी बोथट हवी आणि जोर अंगठ्याचाच. घट्ट वाळूत ती अडते, घरट्यावर सुळकन आत जाते. इथं टायरांनी वाळू इतकी दाबली होती की काठीला फरकच कळेना, शेवटी हातांनी थर काढत गेलो. अंडी निघाली ११२. प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीची बारीक खूण केली, टोपलीत घरट्यातलीच ओलसर वाळू घातली आणि खूण वरच राहील अशी एकेक ठेवली. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायला राखलेल्या जागेत, दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद खड्डा केला. वर सावलीला हिरवी जाळी होतीच, कारण वाळू ३४ अंशांच्या पुढे तापत राहिली तर पिल्लं आतच दगावतात.

पिल्लं निघाली ५८. घरटं उघडलं तेव्हा १३ अंड्यांत वाढीची खूणच नव्हती. ४१ अंड्यांत बलकावर रक्ताची पुसट रेघ होती, डोळ्याचा काळा ठिपकाही आलेला नव्हता. शेजारच्या, वेळेत हलवलेल्या घरट्यातून १०४ पैकी ९१ निघाली.

ती ४१ उशिरा हलवल्यामुळे गेली की टायरांच्या दाबानं, हे अजून मला सांगता येत नाही. खूण शेवटपर्यंत वर होती, हे मी शपथेवर सांगेन. पण चिकटलेल्या गर्भाला टोपलीचा हिसकाही पुरतो.

कासव महोत्सवाला पिल्लं बघायला लोक हौसेनं येतात, गावाला त्याचा आधारही आहे. पण नोव्हेंबर ते मार्च मोटार रस्त्यावरच ठेवणं, किनाऱ्याकडचे दिवे रात्री बंद करणं आणि मुलांनी खणलेले खड्डे बुजवून जाणं ही मदत पिल्लाच्या फोटोपेक्षा कितीतरी मोठी आहे. किनाऱ्याच्या वाटेवर आडवे ओंडके टाका म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज दिलाय. पुढच्या हंगामाआधी ते पडायला हवेत.