व्हिएन्नातले रंगीत झगे आणि आपली रहाड

हिवाळ्यात व्हिएन्नाच्या रस्त्यावर बघावं तिकडे काळे-करडे कोट. विली डॉर्नर या इथल्या नृत्यदिग्दर्शकाचं काम मला एवढं आवडतं, त्याला हेही एक कारण असेल. ‘बॉडीज इन अर्बन स्पेसेस’ हा त्याचा प्रयोग २००७ पासून वेगवेगळ्या शहरांत होतो. लाल, पिवळ्या, निळ्या हूडी घातलेले कलाकार दोन भिंतींच्या फटीत, बाकाखाली, दाराच्या चौकटीत एकमेकांवर रचून बसतात. चेहरे दिसत नाहीत, दिसतो तो रंग. प्रेक्षक पायी मागोमाग फिरतात आणि रोजचीच गल्ली डोळे फाडून बघतात.

पण तिथे आपण बघेच राहतो. ब्राझीलच्या एलियो ओइतिसिकाने १९६४ च्या सुमारास ‘पारांगोले’ करायला घेतले, म्हणजे रंगीत कापड, प्लॅस्टिक, गोणपाट यांचे थर लावलेले झगे. ते कुणीतरी अंगावर घालून नाचल्याशिवाय कलाकृती पुरी होत नाही, असं तो मानायचा. १९६५ मध्ये रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात तो मांगेइरा वस्तीतल्या सांबा नर्तकांना घेऊन गेला, तर त्यांना आत येऊ दिलं नाही. मग नाच बाहेरच रंगला.

इथल्या एका कार्यशाळेत तसाच शिवलेला झगा मी घातला. एका खांद्यावर जड, आतलं अस्तर लालभडक; गिरकी घेतली तरच ते लाल दिसायचं. साठीच्या एका बाईंनी आधी विचारलं, मग झग्याचं टोक धरून माझ्याभोवती फिरायला लागल्या.

त्या दिवशी सगळ्यांना मी मोबाइलवर आपलं नाशिक दाखवलं. धुळवडीला मिरवणुकीने निघणारे वीर, त्यांतला अंगाला हळद आणि डोक्याला बाशिंग लावून जुन्या नाशकातून निघालेला दाजीबा, देवांचा वेश केलेली पोरं. मग रंगपंचमीची रहाड, म्हणजे चौकात जमिनीत बांधलेला, रंगाच्या पाण्याने भरलेला हौद. शनी चौकात गुलाबी, तिवंध्यात पिवळा, दिल्ली दरवाज्याला केशरी. ज्या रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारला तिचा रंग कपड्यांवर घेऊन माणूस घरी जातो. एरवी वर्षभर ती बुजवलेली असते आणि वरून गाड्या जातात, हे ऐकून त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. प्रेक्षक कुठे उभे राहतात, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, काठावर, उडी मारेपर्यंत.

हे मी अभिमानाने सांगितलं, आणि तो अभिमान खरा आहे. पण त्या बाईंचं विचारणं मनातून जात नाही. ज्याला भिजायचं नाही त्याला हात धरून ओढायचं नाही, काठावरच्या मुलीला आधी विचारायचं, एवढं आपल्या मंडळांनी माइकवरून सांगितलं तरी कितीतरी जणी पुढे येतील. पुढच्या रंगपंचमीला मी येणार आहे. तिवंध्याला भेटा, पांढरे कपडे घालून या.